फाईलवर 'हाय रिस्क' लिहिलं म्हणून पोट दुसऱ्यांच्या ताब्यात जात नाही

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय. नाव छापू नका म्हणालीय, आणि पत्र बरंच मोठं आहे म्हणून थोडं आवरून देते.

"ताई, मी ३५ वर्षांची. आम्ही इंदिरानगरला राहतो, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्नानंतर सात वर्षांनी पहिल्यांदाच दिवस गेलेत, आता ३१ वा आठवडा चालू आहे. वय आणि शुगर (गोळ्या नाहीत, फक्त डाएटवर आहे) म्हणून डॉक्टर मॅडमनी फाईलवर लाल पेनाने 'हाय रिस्क' लिहिलं आणि त्या दिवसापासून मी घरात माणूस राहिलेच नाही. फाईल नवऱ्याच्या बॅगेत असते, मॅडम बोलतात ते नवऱ्याशी आणि सासूबाईंशी. सासूबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणलाय, तो ३८ व्या आठवड्यात येतोय, मॅडम म्हणाल्या चालेल, उगाच रिस्क कशाला घ्यायची. ऑफिसात एचआरवाली म्हणते आत्ताच रजेवर जा, माझा प्रोजेक्ट तर देऊनही टाकला दुसऱ्याला. दुसरीकडे मी एका नॅचरल बर्थच्या ग्रुपमध्ये आहे, तिथल्या बायका म्हणतात सिझर म्हणजे सिस्टीमपुढे हार, पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, सोनोग्राफ्यासुद्धा कशाला हव्यात. मी स्वतःला स्त्रीवादी समजते ताई, पण आता कळतच नाहीये की स्त्रीवादी बाईने काय निवडायचं. आणि खरं सांगू का, मी नाही म्हटलं आणि काही झालं तर आयुष्यभर मला ऐकवतील."

अगं, शेवटचं वाक्य तू सगळ्यात शेवटी लिहिलंस पण माझ्या मते पत्र तिथूनच सुरू होतं, त्यामुळे त्याच्याकडे मी नीट येणार आहे. आधी एक स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. तुझं सिझर करावं की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही आणि तो ग्रुपसुद्धा सांगू शकत नाही, कारण आमच्यापैकी कोणी तुझं पोट तपासलेलं नाही. पण नॉर्मल की सिझर यातलं स्त्रीवादी कुठलं, हा प्रश्न मात्र तू मनातून काढून टाक. टाके पोटावर पडले काय आणि खाली पडले काय, त्याने कोणी जास्त बाई किंवा कमी बाई होत नाही. तुला विचारलं का, तुला कारण सांगितलं का, तुझ्या हो-नाहीला काही किंमत होती का, बघायचं ते एवढंच. तुझ्या पत्रात या तिन्हींची उत्तरं आत्ता तरी 'नाही' अशी आहेत, आणि राग यायचाच असेल तर याचा यायला हवा.

आता ते लाल पेन. वयाची रिस्क खोटी नाहीये हं, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. पस्तिशीनंतर बीपी वाढणं, शुगर होणं, बाळ अचानक दगावणं या सगळ्याचं प्रमाण वाढतं हे खरंय. पण किती वाढतं, कशाचं वाढतं, हे तुला कोणी आकड्यात सांगितलं का? उदाहरण देते. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ होण्याची शक्यता पंचविसाव्या वर्षी साधारण १२५० त एक असते आणि ३५ व्या वर्षी साधारण ३५० त एक. आता हेच "तिपटीहून जास्त धोका" असं सांगितलं की झोप उडते आणि "३५० पैकी ३४९ बाळांना हे नसतं" असं सांगितलं की माणूस शांतपणे पुढचं विचारतो, दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण बायकांच्या वाट्याला नेहमी पहिलंच वाक्य येतं. आणि ही ३५ ची रेघ काही निसर्गाने ओढलेली नाही. १९७० च्या दशकात पाश्चात्य देशांत पोटातलं पाणी सुईने काढून तपासायची टेस्ट वापरात येऊ लागली, त्या टेस्टमुळेच गर्भ पडण्याची शक्यता आणि दोष सापडण्याची शक्यता ज्या वयात साधारण सारखी होते असं तेव्हा वाटलं ते वय म्हणून ३५ धरलं गेलं, त्यात खर्चाचं गणितही होतं. म्हणजे एका टेस्टसाठी घातलेली मर्यादा होती, ती हळूहळू बायकांच्या कपाळावरचा शिक्काच झाली. ३४ वर्षं ११ महिन्यांची बाई लो रिस्क आणि पुढच्या महिन्यात हाय रिस्क, असं कुठलंही शरीर चालत नाही.

(तीच टेस्ट आपल्याकडे आली तेव्हा तिचं काय झालं माहितीये ना, मुलगी आहे का बघायला आणि पाडायला वापरली गेली. महिला संघटनांनी त्याविरुद्ध रान उठवलं म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी कायदा केला, देशाचा कायदा १९९४ ला आला. म्हणून तंत्रज्ञान वाईट की चांगलं असं मी म्हणतच नाही, ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हे विचारते.)

हाय रिस्क ही नोंद मुळात कशासाठी असते ते बघ. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, २०१६ पासून, त्यात धोका दिसला तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरची बाई, हिमोग्लोबिन ६, तिच्या कार्डावर तो स्टिकर असला की आशाताई तिच्यावर लक्ष ठेवते, गाडीचं आणि रक्ताचं आधी बघून ठेवलं जातं, निदान तसं व्हावं ही अपेक्षा असते. म्हणजे ती नोंद बाईला जास्त काळजी मिळावी म्हणून आहे. तुझ्या घरात त्याच नोंदीने तुझा शब्द काढून घेतलाय. आपल्याकडे निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला गारपिटीचा अंदाज ऐकला म्हणून बाग तोडून टाकत नाही, तो आच्छादनाचं बघतो, आणि बाग कोणाची हा प्रश्न तर अंदाजामुळे उठतच नाही.

मुहूर्ताबद्दल मात्र मी अजिबात गोल गोल बोलणार नाही. ३८ व्या आठवड्यात, तब्येतीचं काही कारण नसताना, फक्त मुहूर्त आहे म्हणून सिझर करू नकोस. ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा सुरू न होता ठरवून सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचं, काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, हे जगभर मान्य झालेलं आहे आणि तुझ्या मॅडमनासुद्धा ते माहीत असणार. वैद्यकीय कारण असेल, बीपी वाढलं, बाळाची वाढ थांबली, शुगर आवरेना झाली, तर ३८ काय ३६ ला पण करावं लागतं आणि ते करावं. पण मग कारण ते असेल, पंचांग नसेल. सासूबाईंना हे सांगताना "मला मुहूर्त मान्य नाही" असं म्हणू नकोस, उगाच श्रद्धेवर भांडण जाईल. "बाळाची फुफ्फुसं अजून थोडी तयार व्हायचीत" एवढंच सांग, नातवाचा जीव त्यांनाही मुहूर्तापेक्षा मोठाच वाटेल.

आणि शुगर नुसत्या जेवणावर ताब्यात असेल, बाळाचं वजन प्रमाणात असेल, बीपी ठीक असेल, तर केवळ शुगर आहे म्हणून थेट सिझर असं होत नाही, अशा बायकांना साधारण ४० आठवड्यांपर्यंत थांबू देतात, त्याच्या फार पुढे मात्र जाऊ देत नाहीत. मधला एक रस्ताही असतो जो तुला दोन्ही बाजूंनी कोणी सांगितलेला दिसत नाही, तो म्हणजे ३९ पूर्ण झाल्यावर औषधाने कळा आणणं. ब्रिटनमध्ये ३५ आणि त्यापुढच्या सहाशेच्या वर बायकांवर याचा अभ्यास झाला, २०१६ ला प्रसिद्ध झाला, त्यात ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या आणि वाट बघितलेल्या, दोन्ही गटांत सिझरचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. पण हेही लक्षात घे की दोन्ही गटांत तिघींपैकी साधारण एकीचं सिझर झालंच. म्हणजे तू सगळं नीट केलंस तरी सिझर होऊ शकतं, आणि झालं तर ती तुझी हार नाही, हे आत्तापासून मनाला सांगून ठेव.

तुझ्या त्या ग्रुपकडे येते. त्यांच्या रागामागचं कारण मला समजतं. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या, खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती आणि सरकारीत १४.३ टक्के. एवढा फरक बायकांच्या हाडांच्या बांधणीत नसतो गं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर आई-बाळाचे मृत्यू त्यामुळे आणखी कमी झालेले दिसत नाहीत. यातलं सगळं डॉक्टरांच्या लोभावर टाकून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पटत नाही. एकट्या डॉक्टरचं पंधरा-वीस खाटांचं नर्सिंग होम असतं, पहिलटकरणीच्या कळा कधी कधी दिवस-रात्र चालतात, भूल देणारा डॉक्टर बाहेरून बोलवायचा, तो रात्री तीनला मिळेल का माहीत नाही, आणि काही बिनसलं तर नातेवाईक काचा फोडणार, अशा सगळ्यात दुपारी बारा वाजता ठरवून केलेलं सिझर डॉक्टरला सुरक्षित वाटतं. पैसा त्यात आहेच, पण भीती आणि सोयही आहे. यात डॉक्टरला काय परवडतं ते धरलं जातं, कुटुंबाला काय हवंय ते धरलं जातं, आणि ज्या बाईच्या पोटावर टाके पडणार तिचं मात्र धरायचं राहून जातं. पोटावरचा व्रण पुढच्या खेपेलाही सोबत असतो, वार (प्लासेंटा) जुन्या टाक्याच्या जागी चिकटून भयंकर रक्तस्राव होण्याची शक्यता दर सिझरनंतर वाढत जाते. रिस्क रिस्क म्हणताना ही तुझी रिस्क कोणी बोललं का तुझ्याशी?

पण म्हणून "पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या" हे वाक्य मी चालू देणार नाही. व्हायच्या, आणि किती मरायच्या ते कोणी मोजलं नाही म्हणून ते वाक्य इतकं गोड वाटतं. आपल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर ती मुलगी बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ ला डॉक्टर झाली, आणि तिने प्रबंधाचा विषय घेतला तो बाळंतशास्त्राचाच. निसर्ग काय करतो ते तिने स्वतःच्या अंगावर बघितलं होतं. आणि एवढं मागे तरी कशाला, २००१-०३ मध्ये आपल्या देशात लाख जिवंत जन्मांमागे ३०१ आया मरत होत्या, २०१८-२० पर्यंत तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हे कशाने झालं? रक्तस्राव थांबवायच्या इंजेक्शनाने, रक्तपेढीने, १०८ ने, आशाताईंच्या पायपिटीने, आणि हो, वेळेवर झालेल्या सिझरनेसुद्धा. त्र्यंबक-हरसूलच्या पुढे पावसाळ्यात रस्ता नाही म्हणून झोळी करून बाईला डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, या बातम्या तू पण वाचल्या असशील. तिला नॅचरल बर्थ हवा का विचारून बघ. तिला दवाखाना वेळेत हवाय, तुला दवाखान्यात कारण हवंय. एकाच जिल्ह्यात एकीला हवं ते मिळत नाही आणि दुसरीला नको ते घाईघाईने दिलं जातं, माझ्या लेखी बाळंतपणाचं राजकारण म्हणतात ते हेच, आणि जो ग्रुप यातलं अर्धंच सांगतो तो तुझ्या कामाचा नाही. सोनोग्राफी चुकवू नकोस. शुगरची तपासणी तर अजिबातच नाही.

आता हक्काचं. तू सज्ञान आहेस, शुद्धीत आहेस, तर तुझ्या शरीरावरच्या उपचाराला संमती तुझीच लागते. नवऱ्याची सही मागायची दवाखान्यांची पद्धत आहे, पण त्याची सही तुझ्या सहीची जागा घेऊ शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली केसमध्ये हे फार स्पष्ट केलंय. त्यात बाई तपासणीसाठी भुलीखाली होती, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. कोर्ट म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर यायची वाट बघता आली असती, आईची संमती ही तिची संमती नाही. आणि संमती म्हणजे कागदावरची सही नुसती नाही, काय करणार, का करणार, दुसरे पर्याय कोणते, प्रत्येकातला धोका काय, हे कळेल अशा भाषेत सांगितल्यावर दिलेली संमती. इतकंच काय, गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा सज्ञान बाईला नवऱ्याची परवानगी लागत नाही, मग बाळंत व्हायला कशी लागेल?

तर पुढच्या व्हिजिटला हे कर. फाईल तुझ्या पर्समध्ये असू दे. आत गेल्यावर खुर्चीवर तू मॅडमच्या समोर बस, नवरा बाजूला. आणि सुरुवातीलाच म्हण, "मॅडम, मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय." बाई डॉक्टर आहे म्हणून समजून घेईलच असं नाही, पण दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्या माणसाला कोणी थेट विचारलं की बऱ्याचदा नीट उत्तर मिळतं, पेशंट गप्प आणि नातेवाईक बोलके हीच त्यांना सवय झालेली असते. विचार की माझ्या फाईलमध्ये आज नेमका धोका कुठला आहे, वय सोडून? थांबलो तर काय होऊ शकतं, शंभरात किती जणींना? सिझर केलं तर मला काय होऊ शकतं, आत्ता आणि पुढच्या खेपेला? ३९ पूर्ण झाल्यावर कळा आणायचा पर्याय माझ्यासाठी आहे का? तुमच्याकडे रात्री भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, रक्त कुठून येतं, बाळांचा आयसीयू इथे आहे की गाडीतून न्यावं लागेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून दवाखाना बदलावासा वाटला तर ३१ वा आठवडा म्हणजे उशीर झालेला नाही. दुसरं मत घेणं हा अपमान नसतो. आणि केस पेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे हा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे, त्यामुळे ते मागायला लाजू नकोस, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेव.

लेबर रूमचंही आत्ताच बोलून घे कारण कळा सुरू झाल्यावर कोणाला वाद घालायची ताकद नसते. सोबत कोण असणार ते ठरव. सरकारी दवाखान्यांत सोबतीला एक बाई असू द्यायला केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, खाजगीत त्यांचे त्यांचे नियम असतात, म्हणून आधी विचार. ही सोबत म्हणजे लाड नव्हेत हं, १५ हजारांहून जास्त बायकांवरचे २६ अभ्यास एकत्र करून बघितलं तर सतत कोणीतरी जवळ असलेल्या बायकांत सिझर कमी आणि आपसूक बाळंतपणं जास्त दिसली. तुझी आई, मोठी बहीण, एखादी मैत्रीण, जिच्याजवळ तुला रडता येतं ती. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडायच्या आधी "प्रोग्रेस नाही" म्हणून घाई करू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय, दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियमही त्यांनी मोडीत काढला. खालचा छेद सरसकट द्यायचा नाही, पोटावर कोपराने किंवा हाताने जोर देऊन बाळ ढकलायचं नाही, चालायला आणि कुशीवर वळायला मनाई नको, हे सगळं त्याच यादीत आहे. "छेद द्यायच्या आधी तुम्ही मला विचाराल का?" असं नाही, "मला विचारल्याशिवाय देऊ नका" असं सांगायचं. तांबी बसवायची असेल तर तेही आधी विचारायचं.

आणि कोणी ओरडलं, मारलं, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस" असलं घाणेरडं काही बोललं तर ती "तिथली पद्धत" नाहीये. किती पिढ्या बायका हे ऐकून घरी आल्या आणि बाळ सुखरूप आहे ना, मग सोड, असं म्हणून गप्प बसवल्या गेल्या. बाळ सुखरूप असणं आणि बाईचा अपमान न होणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात. सोबतीणीला आधीच सांगून ठेव की असं झालं तर तू बोलायचंस, मी त्या वेळी बोलू शकणार नाही.

एचआरचं थोडक्यात. कायद्याने मॅटर्निटीची रजा २६ आठवडे, पण बाळंतपणाच्या आधी त्यातले जास्तीत जास्त ८ च घेता येतात. ४० धरले तर तुझे अजून ९ बाकी आहेत, म्हणजे ती बाई म्हणते ती रजा अजून सुरूच होत नाही, आत्ता घालवते आहे ती तुझी दुसरी रजा किंवा तुझा पगार. उलट, या काळात तू मागणी केलीस तर तुला तासन्‌तास उभं राहायचं, जड काम देता येत नाही, आणि गरोदरपणामुळे आजारी पडलीस तर एक महिना वेगळी पगारी रजा आहे. "तू मागणी केलीस तर" असं कायद्यात आहे, "कंपनीला वाटलं तर" असं नाही. एक ईमेल टाक, प्रोजेक्ट का काढला ते लेखी विचार, प्रेमळ भाषेत पण लेखी. ज्या बाबासाहेबांनी १९३० ला आपल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा केला त्यांनीच त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बाजूने भाषण केलं होतं, १९२९ ला तो कायदा झाला. हे हक्क कोणी कौतुकाने दिलेले नाहीत, मागून घेतलेत, तेव्हा मागताना संकोच नको.

आता ते शेवटचं वाक्य. "काही झालं तर मला ऐकवतील." हो गं, ऐकवतील. मी खोटं सांगणार नाही. पण एक गोष्ट बघ. मुहूर्तावर सिझर केलं आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर कोणी सासूबाईंना ऐकवणार आहे का? गुरुजींना? मॅडमना? तेव्हा "नशीब" म्हणतील, किंवा "हिचं वयच जास्त". आणि तू थांबलीस आणि काही झालं तर "हिच्या हट्टापायी". म्हणजे निर्णय त्यांचा असो की तुझा, दोष फिरून आईवरच येतो. आपल्याकडे मूल होत नाही तर बाईमुळे, मुलगी झाली तर बाईमुळे, बाळ बारीक तर हिने खाल्लं नाही, जाड तर हिने फार खाल्लं. दोषापासून वाचायचं म्हणून तू आपला निर्णय देऊन टाकशील तरी दोष काही टळायचा नाही, फक्त निर्णय गेलेला असेल. म्हणून मी म्हणते, भीतीपोटी होही म्हणू नकोस आणि भीतीपोटी नाहीही म्हणू नकोस. माहिती घे, कारण ऐक, मग जे ठरवशील ते तुझं. सगळं ऐकून तुला स्वतःलाच ३९ नंतर ठरवून सिझर करावंसं वाटलं, कळांची भीती वाटते म्हणून का होईना, तर तेही तुझंच, आणि त्या ग्रुपला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

नवऱ्याबद्दल तू फार काही लिहिलं नाहीस. फाईल त्याच्या बॅगेत असते यावरून मला वाटतं तो वाईट नसावा, घाबरलेला असावा. सात वर्षं त्यानेही वाट बघितलीय. एका संध्याकाळी, सासूबाई नसताना, त्याच्याशी बोल. "तू माझ्या वतीने बोलू नकोस, माझ्या बाजूने बोल" असं सांग, आणि काम दे त्याला. रक्त द्यायला दोन मित्र तयार ठेवणं, रात्री गाडी कोणाची, दवाखान्यातल्या प्रश्नांची उत्तरं लिहून घेणं, आईला मुहूर्ताचं सांगणं. हे शेवटचं तर त्यानेच करायचं, सुनेने नाही.

आणि हे मात्र फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव: बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं सतत ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होतंय, चेहऱ्यावर-हातांवर एकदम सूज आली, पोटात वर उजवीकडे दुखतंय, झटके आले, यातलं काहीही झालं तर माझ्या उत्तराची, नवऱ्याची, सकाळ व्हायची, कशाचीच वाट बघायची नाही. आधी दवाखाना. गाडी नसेल तर १०८.